भिंतीवरची रेघ



मृग नक्षत्र आठवड्यावर येऊन ठेपले की आमच्या चिपळुणात घरोघरी पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले चाळून घ्यायची, पन्हळी साफ करायच्या, आगोटीची बेगमी भरायची. या बेगमीत तांदूळ असतो, कडधान्ये असतात, आमसुले आणि सुकी मासळी असते. औषधे मात्र क्वचितच असतात. आज मला तुमच्याशी औषधांच्या आगोटीविषयी आणि घरातील वृद्ध माणसाला वेळेत सुरक्षित जागी हलविण्याविषयी बोलायचे आहे. त्याआधी एका भिंतीवरच्या रेघेची हकीकत सांगतो, कारण तिच्यात माझीही एक चूक आहे.

आमच्या गावातून समुद्र दिसत नाही, परंतु समुद्राची भरती दाभोळच्या खाडीतून वर चढत गोवळकोटपर्यंत येते. वाशिष्ठी नदी आणि शिवनदी गावाला बिलगून वाहतात. त्यामुळे पूर आम्हांला नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी आलेल्या पुरानंतर माझ्या एका रुग्णाने, एका निवृत्त शिक्षकाने, आपल्या ओटीच्या भिंतीवर तैलरंगाने एक ठसठशीत रेघ ओढली होती. पाणी जेथवर चढले होते, तेथवर. खाली तारीख. घरी येणाऱ्या प्रत्येकाला गुरुजी ती रेघ दाखवीत. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

२१ जुलै २०२१ च्या संध्याकाळी गुरुजींचा मला दूरध्वनी आला. पाऊस थांबत नव्हता. काकूंना चार वर्षांपूर्वी पक्षाघात झालेला, उजवी बाजू लुळी, मधुमेहासाठी दोन वेळा इन्सुलिन. गुरुजींनी विचारले, "डॉक्टर, मुलगी म्हणते आहे, रात्रीच्या आत तिच्याकडे वरच्या वस्तीत या. हिला एवढ्या पावसात हलवू का?" मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "गुरुजी, काकूंना रिक्षात घालून भिजवत नेण्यापेक्षा घरीच राहू द्या. फारच झाले तर पोटमाळा आहे. २००५ चे पाणी तिथवर पोचले नव्हते ना?" ते म्हणाले, "छे, रेघ पुष्कळ खाली आहे." आणि आम्ही दोघांनीही निर्धास्तपणे फोन ठेवला.

त्या रात्री काय झाले ते आता सर्वश्रुत आहे. अतिवृष्टी, भरतीची वेळ, कोळकेवाडी धरणातून नदीत येणारे पाणी, गाळाने उथळ झालेले पात्र, यांपैकी कशाचा वाटा किती यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पहाटे बाजारपेठेत पाणी शिरले आणि ते २००५ ची खूण ओलांडून वर चढत गेले. कोविडच्या त्या दिवसांत एका रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि तेथील काही रुग्ण दगावले. माझा स्वतःचा दवाखाना छतापर्यंत बुडाला. गुरुजी आणि दोन शेजारी तरुण यांनी काकूंना चादरीच्या झोळीतून पोटमाळ्यावर चढविले. इन्सुलिन खाली शीतकपाटात राहिले. दीड दिवस काकू ओल्या वस्त्रांत, एकाच कुशीवर पडून होत्या. होडी आली तेव्हा त्यांना ताप भरला होता. तीन आठवड्यांनी त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर मी कारण लिहिले, न्यूमोनिया. ते खोटे नव्हते; पण पुरेसेही नव्हते. पुराच्या मृतांच्या यादीत काकूंचे नाव कधीच आले नाही.

अनुभव कुठे अपुरा पडतो

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी सत्तर-ऐंशी पावसाळे पाहिले आहेत. नदी कोणत्या बाजूने चढते, कोणता पऱ्या आधी फुगतो, हे ज्ञान कोणत्याही यंत्रापेक्षा कमी मोलाचे नाही. परंतु त्या ज्ञानातले एक वाक्य आता धोक्याचे ठरू लागले आहे: "इथवर पाणी कधीच आले नव्हते." ते खरे असते, मात्र ते भूतकाळाविषयी असते.

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात अधिक कोसळतो. समुद्राची सरासरी पातळी वाढते आहे. भरतीच्या वेळी खाडी तुंबलेली असली की नदीच्या पाण्याला वाट मिळत नाही. अरबी समुद्राचा पृष्ठभाग गेल्या काही दशकांत तापला असून त्यात तीव्र चक्रीवादळे वाढली आहेत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्याला वर्ष होण्याआधीच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आमच्या किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. 'निसर्ग'नंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातील कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज नसणे म्हणजे केवळ अंधार नव्हे. घरात ऑक्सिजनचे यंत्र असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने तो प्राणांचा प्रश्न असतो.

शासन आपल्या परीने कामे करीत असते. नदीतील गाळ काढणे, खारबंधारे, चक्रीवादळ निवारा केंद्रे, कांदळवनांचे संरक्षण ही कामे झालीच पाहिजेत आणि त्यांसाठी नागरिकांनी आवाजही उठवला पाहिजे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोणी, कधी आणि कोठे न्यायचे, हे बंधारा ठरवीत नाही. ते घराने आणि आळीने ठरवायचे असते. आणि तेही पाऊस सुरू होण्यापूर्वी.

धडधाकटांपेक्षा एक पायरी आधी

ओडिशाचे उदाहरण देतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये 'फायलीन' हे तसेच भीषण वादळ त्याच राज्यावर आले, परंतु त्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. वारा दोन्ही वेळी प्राणघातकच होता. फरक पडला तो पूर्वसूचनेने, निवाऱ्यांनी आणि वेळेवर निघण्याने.

वेळेवर म्हणजे केव्हा? हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. धडधाकट माणूस लाल इशाऱ्यापर्यंत थांबेल, कदाचित पाणी उंबऱ्याशी येईपर्यंतही थांबेल. पक्षाघात झालेल्या, हृदय अशक्त असलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला ती सवलत नाही. माझा आता ठाम सल्ला असा आहे: घर नदीकाठी, खाडीकाठी किंवा दरडीखाली असेल, तर अशा रुग्णाने नारिंगी इशाऱ्यालाच निघावे, आणि ते दिवसाउजेडी. इशारा फोल ठरला तर चार दिवस लेकीकडे राहणे झाले, एवढेच समजावे. भिजण्याच्या भीतीने मी काकूंना थांबविले. थोडे भिजण्याने जे झाले नसते, ते थांबण्याने झाले.

तीन गोष्टी कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस लावा. कोठे जायचे, ते घर किंवा शाळा. कोण नेणार, त्या दोन व्यक्तींची नावे व क्रमांक. एक परगावी असेल तर दुसरी असावी. आणि निघण्याची खूण, म्हणजे कोणता इशारा आला की चर्चा न करता निघायचे. रात्री दोन वाजता, पाणी ओटीवर असताना, "निघू की नको" हा वाद घालण्याची शक्ती कोणाच्याही घरात नसते.

औषधांची आगोटी

एका जलरोधक पिशवीत पुढील गोष्टी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरून ठेवा.

पंधरा दिवसांची नेहमीची औषधे. ती तशीच पडून राहू देऊ नका. दर महिन्याला पिशवीतील आधी वापरा आणि नवी आत ठेवा. औषधांची नावे, मात्रा व वेळा यांची मराठीत सुवाच्य यादी, शेवटच्या तपासण्यांच्या प्रती, आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे त्याची नोंद. याच कागदांचे छायाचित्र दूरगावच्या एका नातेवाइकाच्या मोबाइलवर असावे. जास्तीचा चष्मा, कर्णयंत्राच्या बॅटऱ्या, कवळीची डबी. पुरातून आलेला एखादा वृद्ध गोंधळलेला वाटतो, तेव्हा पुष्कळदा त्याला केवळ दिसत आणि ऐकू येत नसते.

इन्सुलिनविषयी विशेष सांगतो. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात, शीतकपाटात असावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही नको, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुधा चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, पण ते तापमान ३० अंशांच्या आत असावे लागते. वीज गेली तर मातीच्या भांड्यात, ओल्या वाळूवर, झाकलेल्या डबीत ती ठेवता येते. मात्र आपल्या दमट हवेत माठ देशावरच्याइतका गार होत नाही, हे ध्यानात असू द्या. त्यामुळे हा तात्पुरता उपाय समजावा. इन्सुलिनसोबत साखरेची पुडी असावीच; पुरात जेवणाची वेळ चुकते आणि साखर एकदम उतरते.

ऑक्सिजनचे यंत्र वापरणाऱ्यांनी भरलेला सिलिंडर, तो चालविण्याची चावी व नळी घरात आहे का, हे आजच पाहावे. डायलिसिसच्या रुग्णांनी मोठ्या पावसाचा इशारा येताच आपल्या केंद्राशी बोलून वेळ अलीकडे घेता येते का, हे विचारावे. रस्ता बंद पडला तर पाणी मोजून प्यावे, मीठ टाळावे. आणि मदत म्हणून कोणी प्रेमाने शहाळे दिले तरी ते घेऊ नये. शहाळ्यातील पोटॅशियम निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते.

पाणी ओसरल्यावर

पूर ओसरला की घर धुण्याची घाई होते आणि सर्वांत आधी आजोबाच फावडे हाती घेतात. कृपया तसे करू देऊ नका. त्या चिखलात उंदरांचे व गुरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. बहुधा एक ते दोन आठवड्यांनी, क्वचित महिनाभरानेही, ताप येतो. अंग, विशेषतः पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. या तापाला साधा ताप समजून घरी गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा. आरोग्य कर्मचारी प्रतिबंधक गोळी देतात, ती त्यांच्या सांगण्यानुसारच घ्यावी. मधुमेही माणसाने पायात गमबूट असल्याशिवाय चिखलात उतरूच नये. संध्याकाळी तळपाय कोणाकडून तरी तपासून घ्यावेत, कारण जखम होऊनही त्याला कळत नाही.

विहिरीचे पाणी उपसा आणि क्लोरिन यांनी शुद्ध होईपर्यंत पिऊ नये. तोवर पिण्याचे पाणी खळखळून उकळून घ्यावे. खाडीलगतच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या असतील तर तेही सांगा. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. रक्तदाबाचा जो रुग्ण जेवणातले मीठ काटेकोरपणे कमी करतो आणि दिवसभर मचूळ पाणी पितो, त्याचे पथ्य पाण्यातूनच मोडते.

दुसरी रेघ: चाळीस अंशांची

भिंतीवर जशी पुराची रेघ असते, तशी मनात उष्णतेचीही एक रेघ असते. "उष्माघात विदर्भात होतो, कोकणात नाही," हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. हवामान खाते मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते. किनारपट्टीवर मात्र तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी चढे असले की लाट मानली जाऊ शकते. यामागे शरीरशास्त्र आहे. शरीर गार होते ते घाम येण्याने नव्हे, तर घाम वाळण्याने. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. ज्या दिवशी पूर्वेकडून तापलेले वारे वाहतात आणि दुपारचे खारे वारे उशिरा येतात, त्या दिवशी पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताखालील खोली भट्टी होते.

वृद्धांना तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट पाहू नका. वेळ लावून पाणी द्या. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, आणि जे रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेतात, त्यांनी उन्हाळ्यातील पाण्याचे व गोळीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. गोळी परस्पर बंद करू नये आणि आंधळेपणाने चालूही ठेवू नये. लघवी गडद होणे, उठताना भोवळ येणे, असंबद्ध बोलणे या खुणा ओळखा. शेवटची खूण दिसली आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजा: सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, आणि १०८ ला कळवा.

आळीची वही

मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आणि घरात दोघेच वृद्ध, असे घर आज प्रत्येक आळीत आहे. अशांसाठी दूरच्या मुलापेक्षा शेजारचा तरुण आधी पोचतो. आपल्या गावी ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्याने या महिन्याच्या सभेत एकच काम करावे: अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजनवर, डायलिसिसवर किंवा एकटे राहणारे किती जण आहेत आणि त्यांना न्यायला कोण जाणार, याची वही करावी. तिची एक प्रत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत आणि एक आशासेविकेकडे द्यावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ज्येष्ठांच्या साहाय्याचा १४५६७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

शुश्रूषा करणाऱ्यांना आणखी एक विनंती. वृद्ध माणूस घर सोडायला नकार देतो तेव्हा त्याला हट्टी म्हणू नका. त्या घरात त्याचे देव आहेत, पत्नीचा फोटो आहे, उभे आयुष्य आहे. "तुम्हांला काही कळत नाही" असे म्हटले की तो खुर्चीला अधिकच घट्ट बसतो. "आम्हांला तुमची काळजी वाटते, आमच्यासाठी चला, देव्हाराही बरोबर घेऊ" असे म्हणून पाहा. आणि पुरानंतर कित्येक महिने पावसाचा आवाज आला की ज्यांची झोप उडते, त्यांना घाबरट समजू नका. तेही दुखणेच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

गुरुजी आता जूनच्या पहिल्या आठवड्यात बाडबिस्तारा घेऊन लेकीकडे वरच्या वस्तीत राहायला जातात आणि दसऱ्याच्या सुमारास परत येतात. कोणी विचारले तर म्हणतात, "माझा चातुर्मास." ओटीची भिंत त्यांनी पुन्हा रंगवून घेतली, जुनी रेघ त्या रंगाखाली गेली. २०२१ ची नवी रेघ त्यांनी ओढली नाही. मी कारण विचारले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, "डॉक्टर, मी जुन्या रेघेवर विसंबलो. तुम्हीही."

माझ्या टेबलावर आता एक वही आहे. तिच्यात माझ्या अशा रुग्णांची नावे आहेत, ज्यांना स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडता येत नाही. नारिंगी इशारा आला की मी त्या वहीतले क्रमांक एकेक करून लावतो आणि प्रत्येकाला तेच सांगतो, "आज दुपारीच निघा." काही जण कुरकुरतात. दोनदा इशारा फोल गेला तेव्हा एक आजी मला चांगल्याच रागावल्या. त्यांचा राग मी आनंदाने सोसला.

या रविवारी, आगोटीचे सामान भरता भरता, तासभर औषधांच्या पिशवीसाठी काढा. आणि दाराच्या आत लावायचा कागद घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातून लिहून घ्या.

आपला,
डॉक्टर